सीनाकाठची माणसं अजून बोलताहेत, त्यांना पानावर जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराबद्दल आपल्या अंकात सविस्तर असं शेवटचं वाचलं ते दिवाळीच्या आसपास. त्यानंतर पानं भरली ती ऊसदराने, मग महापालिकेच्या निवडणुकीने आणि आता गड्ड्याच्या यात्रेने. ते साहजिक आहे. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांची बातमी मीही सगळ्यात आधी वाचते. पण माढा, मोहोळ, करमाळा आणि उत्तर-दक्षिण सोलापूरच्या नदीकाठच्या वस्त्यांवर पूर अजून ओसरलेला नाही. पाणी ओसरलं, पूर नाही. तिथल्या माणसांचं बोलणं आपण छापत राहावं, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण कापू नये असं मनापासून वाटतं.

मी सोलापुरात सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली. नोकरीत आणि नंतरही जे पाहिलं त्यावरून सांगते, की संकटात सापडलेल्याला पहिली मदत त्याची अवस्था बघून मिळते आणि पुढची मदत त्याचं बोलणं ऐकून मिळते. बोलणं कानावर यायचं थांबलं की मदतही थांबते, मग देणारे कितीही चांगले असोत. आणि ते बोलणं ज्याचं त्यानेच करायला हवं, त्याला हवं तेव्हा आणि हवं तेवढंच.

किल्लारीच्या भूकंपाने हे मला दाखवलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून गावं उशिरा झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं पार कोसळली, जवळपास आठ हजार माणसं गेली. सोलापुरातसुद्धा फळीवरची भांडी खाली आली, माणसं पोरंबाळं घेऊन रस्त्यावर बसली. उजाडल्यानंतर उमरगा-नळदुर्गच्या रस्त्याने ट्रक, टेम्पो, एसटी, मिळेल त्या गाडीतून जखमी यायला लागले. त्या भागातली घरं म्हणजे दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तसंच बांधत आलेले. ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. मांडीची हाडं मोडलेले, कंबर गेलेले, पाठीचा कणा दुखावलेले रुग्ण सगळ्यात जास्त. खाटा संपल्या तेव्हा व्हरांड्यात गाद्या घातल्या.

पहिल्या आठवड्यात मदत करणाऱ्यांना वॉर्डात उभं राहायला जागा मिळत नव्हती. फळं, बिस्किटं, साड्या, चादरी, दूध, कोणी डबा घेऊन, कोणी नुसतंच पाय दाबून द्यायला. सोलापूरने हात आखडता घेतला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण तिसऱ्या आठवड्यापासून भेटीच्या वेळेलाही वॉर्ड शांत असायचा. मांडीचं हाड मोडलेला माणूस ट्रॅक्शन लावून सहा-आठ आठवडे पडून असतो. पडल्या पडल्या त्याला आठवायला भरपूर वेळ असतो आणि ऐकायला कोणी नसतं.

उमरगा तालुक्यातली एक बाई माझ्याकडे होती. तिशीची असेल. नवरा आणि सासू गेले होते, मुलगी तेवढी वाचली होती, ती मामाकडे. ही बाई कितीतरी दिवस एक अक्षर बोलली नाही. मग एका रात्रपाळीत सलाईन बदलत होते तेव्हा आपणहून म्हणाली, "सिस्टरबाई, उतरंडीच्या तळातल्या मडक्यात ज्वारीचं बी ठेवलं हुतं." मी थांबले. ती त्या पहाटेबद्दल काहीच बोलली नाही. बी निवडून, राख लावून कसं ठेवलं, पेरणीचे दिवस कसे चाललेत, भाऊ शेतात एकटा काय काय करणार, हेच सांगत राहिली. त्याच दुपारी कोणीतरी तिला आणखी एक साडी देऊन गेलं होतं, ती उशाशी घडीतच होती. तिला बी हवं होतं, आणि हे आम्हा कोणालाही ती बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी घरी सांगितलं, घरच्यांनी मार्केट यार्डातल्या एका ओळखीच्या माणसाला सांगितलं, आणि तिच्या भावाला मालदांडी ज्वारीचं बी पोचलं. पेरणी उशिरा झाली, पण झाली.

ती घरी गेली. घरी म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये. तिथून तिची पोस्टकार्डं यायला लागली, मुलीच्या अक्षरात. ती सांगायची आणि मुलगी लिहायची. मी तेव्हा पूर्व भागात राहत होते. आमच्या गल्लीत एका बाजूला मागाचे कारखाने, दुसऱ्या बाजूला विड्या वळणाऱ्या बायकांचे ओटे. दुपारी सुटी असली की मी ते कार्ड ओट्यावर बसून वाचून दाखवायची. बायकांच्या मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू, हात चालूच. निम्म्या घरांत तेलुगू बोललं जायचं, म्हणून शेजारच्या अक्का प्रत्येक वाक्याचं तेलुगू करून सांगायच्या. त्यामुळे एक कार्ड वाचायला अर्धा-पाऊण तास लागायचा, आणि त्याचाच उपयोग झाला असं मला वाटतं. कारण मध्ये मध्ये प्रश्न यायचे. शेडमध्ये चूल कुठं मांडली? पाऊस लागला तर काय करते? मुलीचं नाव शाळेत राहिलं का कटलं? मे महिन्यात पत्रा तापला की लेकरू कुठं निजतं?

हे प्रश्न मी उत्तरात लिहून पाठवायची. पुढच्या कार्डात उत्तरं यायची. पत्र्यावर टाकायला तुराट्या मिळाल्या. मुलीचं नाव कटलेलं नाही, पण दफ्तर नाही. रात्री कोणीच आत झोपत नाही, थंडीतसुद्धा सगळे बाहेर, कारण छताखाली डोळा लागत नाही. मग गल्लीतून दफ्तर गेलं. चादरी गेल्या, त्या कारखान्यातल्या मागवाल्यांनी दिल्या. विडीची मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते आणि त्यात पानं खराब निघाली की आणखी काट बसते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, की त्या बायकांनी आठवड्याच्या मजुरीतून बाजूला काढलेले पाच-दहा रुपये म्हणजे काय. भूकंप निधीलाही त्यांनी दिले होते, पण एकदा. या बाईला त्या देत राहिल्या, कारण पुढं काय झालं हे त्यांना कळत राहिलं. पुनर्वसनात जमिनीच्या हिशेबाने 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं बांधली गेली. हिला 250 चं मिळालं. ते कार्ड वाचलं त्या दिवशी आमच्या ओट्यावर एका अम्माने घरून गूळ आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला. त्या अम्मा किल्लारी-उमरग्याकडे आयुष्यात कधी गेलेल्या नव्हत्या. मुलगी दहावी होईपर्यंत त्या गल्लीतून काही ना काही जात राहिलं.

आता सीनेकडे येते.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन नवरात्रात, लांबोटीजवळ पाणी चढलं आणि सोलापूर-पुणे महामार्ग बंद झाला, हे सगळ्यांना आठवत असेल. शहरातल्या कितीतरी गल्ल्यांत त्या दिवसांत कडक भाकरी झाली. आमच्याही भिशीतल्या बायकांनी केली, सोबत शेंगाचटणी. कडक भाकरी टिकते, ओली होत नाही तोवर काही बिघडत नाही, म्हणून पुरात तिच्यासारखं दुसरं अन्न नाही. आमच्यातल्या एका सुनेने प्रत्येक पुड्यात चिठ्ठी घातली: "मिळाली की या नंबरला मिस्ड कॉल द्या." पुष्कळ कॉल आले. त्यातली माढा तालुक्यातली एक बाई बोलत राहिली. आज ती आमच्या भिशीची झाली आहे असं म्हटलं तरी चालेल.

तिला लिहायला वेळ नसतो, ती व्हॉट्सॲपवर आवाज पाठवते. रात्री, कामं उरकल्यावर. मागं कुत्री भुंकत असतात, कधी नवरा मध्येच दुरुस्ती करतो. पहिल्या निरोपात पाणी होतं, अंधार होता, गाईंची दावी विळ्याने कापली ते होतं. चार गाई होत्या. कापलं तेव्हा चारही पाण्यात गेल्या. दोन दुसऱ्या दिवशी खालच्या वस्तीवर सापडल्या, एक मेलेली सापडली. चौथीचा पत्ता नव्हता. आणि काही दिवसांनी एक निरोप आला, त्यात ती आधी नुसतीच हसत होती. "ताई, गाय म्हागारी आली. कुटनं आली कुनाला ठावं. सड चिखलानं भरल्याती, पर आली." भिशीतल्या बायकांनी तो निरोप तीनदा लावायला सांगितला.

मी तिला विचारलं होतं, की हे मी आणखी लोकांना ऐकवू का. ती म्हणाली, "पहिलं रडत्यालं नका ऐकवू. गाय आली त्ये ऐकवा." ते मी पाळलं आहे, आणि म्हणून वर पहिल्या निरोपातलं तिने परवानगी दिली तेवढंच लिहिलं. तिला हसू येणारा निरोप ऐकूनच जास्त मदत गेली, हेही मी पाहिलं. रडणं ऐकून माणूस पैसे देतो आणि बाजूला होतो, त्याला तिथं जास्त वेळ थांबवत नाही. गाय परत आली म्हटल्यावर तो विचारतो, दूध देते का? चारा कुठून आणला? मुरघास मिळाला का? तिथून पुढचं सगळं सुरू होतं.

तिच्या निरोपांतून आम्हाला महिन्यामहिन्याची गरज कळत गेली, जी कोणत्याही आवाहनात नव्हती. ऑक्टोबरात भाकरी, ताडपत्री, औषधं लागत होती. त्यातच तिने दबक्या आवाजात सांगितलं की कपडे ढिगाने येताहेत, पण बायकांचे आतले कपडे आणि पॅड कोणीच आणत नाही, आणि पुरुष वाटायला उभे असताना मागायचं कसं. ते आम्ही दुसऱ्याच दिवशी पाठवलं. दिवाळीनंतर कोणी फिरकेनासं झालं, आणि खरी अडचण तेव्हा आली. नदीवरची मोटार गाळात, केबल गेलेली, स्टार्टरची पेटी फुटलेली, ठिबकच्या नळ्या पार पुढच्या गावच्या बाभळींवर लटकलेल्या. डीपी बसला, वीज आली, पण पाणी उपसायला मोटार नाही. आमच्या भिशीतल्या एकीचा भाऊ मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. त्याने गाळातली मोटार उघडून, वाळवून, भरून दिली आणि फक्त तांब्याच्या तारेचे पैसे घेतले, ते भिशीने दिले. डिसेंबरात कळलं की मुलगी दहावीला आहे आणि विज्ञानाचं प्रात्यक्षिकाचं जर्नल वाहून गेलं. पुस्तकं शाळेने पुन्हा दिली होती, जर्नल कोण देणार? आमच्या इमारतीतल्या मुलीने आपलं जर्नल पानापानाचे फोटो काढून पाठवलं, आणि आता दोघी रोज संध्याकाळी फोनवर असतात. हे सगळं तिला आणि आम्हाला बोलण्याची सवय लागल्यामुळे झालं. ऑक्टोबरच्या आवाहनात "दहावीचं जर्नल" कोणी लिहिलं असतं?

कोणी म्हणेल, सरकारने मदत दिली आहे, मग हे कशाला? दिली आहे, आणि ती मिळालीच पाहिजे. 7 ऑक्टोबरला राज्य सरकारने 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंत, गाळाने भरलेल्या विहिरीला 30,000, दुधाळ जनावराला 37,500. या आकड्यांवर मला टीका करायची नाही, ते माझं काम नाही. पण पंचनामा सातबारा बघून होतो. जमिनीचा तुकडा कोणाच्या नावावर, विहीर कोणाच्या नावावर. आमच्या या बाईनेच एका रात्री सांगितलं, "आमचं जरा बरं हाय म्हना. शेजारी वाट्यानं करनारं घर हाय. रान मालकाचं. प्याकेज मालकाच्या खात्यात. ह्यांची नुसती मेहनत व्हावून गेली." तेव्हा भिशीतून त्या घराला ज्वारीचं बी आणि दोन पोती खत गेलं. वाटेकरी, सालगडी, मेंढरं घेऊन नदीच्या कडेला उतरलेले, वस्तीवर पिठाची गिरणी चालवणारे, ऊसतोडीला जायची उचल घेऊन बसलेले, यांचं नुकसान कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. त्यांचं बोलणं छापून आलं तरच ते कोणाला कळेल. त्या बाईने आपली अडचण बाजूला ठेवून शेजाऱ्याची सांगितली, ही गोष्ट मला तिच्या गाईहून मोठी वाटते.

आपल्याकडे हे नेहमीच होत आलं आहे. 2014 चं माळीण, 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा पूर, 2023 ची इर्शाळवाडी, इतकं लांब कशाला, ऑक्टोबर 2020 मध्ये भीमा चढली आणि पंढरपुरात कुंभार घाटाजवळची भिंत कोसळून माणसं गेली, ते आपल्याच जिल्ह्यातलं. त्या घरांचं दुसऱ्या वर्षी काय झालं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? वर्षश्राद्धासारखी एक बातमी येते, तीत मृतांचा आकडा असतो. जिवंत राहिलेले त्यात नसतात.

मात्र हे बोलणं मिळवायचं कसं, यावर मला परिचारिका म्हणून काही सांगायचं आहे, आणि ते आपल्या वार्ताहरांनी रागावून न घेता वाचावं. त्या बाईनेच सांगितलं, की पाणी उतरल्यावर एक तरुण मोबाइल धरून आला आणि म्हणाला, "मावशी, मघाशी रडत होता तसं एकदा सांगा." ती आत निघून गेली आणि पुढं कितीतरी दिवस अनोळखी माणूस दिसला की दार लावून घ्यायची. इतकं सोपं असतं एखाद्याचं तोंड कायमचं मिटवणं.

आमच्या वॉर्डात रुग्णाला काही विचारायचं तर आधी तो जेवला का, बसला आहे का, जवळ त्याचं माणूस आहे का, हे बघायची शिस्त होती. तीच इथं लागते. "त्या रात्री काय झालं" यापासून सुरू करू नये. "आज काय केलंत" यापासून करावं, रात्रीचं सांगायचं असेल तर माणूस स्वतः तिथं जातो. सांगता सांगता हात गार पडले, नजर एका जागी थांबली, वाक्य तुटायला लागलं, की वही मिटावी आणि पाणी द्यावं. लहान मुलांना विचारूच नये, त्यांना आईवडिलांच्या देखतसुद्धा नको. "आता विसरा" म्हणू नये. लिहिलेलं छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावं आणि ते म्हणतील ते काढावं, कारण न विचारता. नाव घालायचं का, गाव घालायचं का, हे त्यांनी ठरवावं. माझ्या या बाईने मला सांगितलं आहे, "नाव नगं, गावबी नगं, मोटारीचं मातर लिवा." म्हणून या पत्रात नाव नाही. आणि महिने उलटले तरी ज्याची झोप परत येत नाही, पावसाचा आवाज आला की ज्याच्या छातीत धडधडतं, त्याच्याकडून कहाणी घ्यायची नाही, त्याला आधी डॉक्टरांपर्यंत पोचवायचं. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. हा क्रमांक आपण प्रत्येक वेळी छापावा. किल्लारीनंतर असा नंबर असता तर काही माणसं वाचली असती असं मला आजही वाटतं.

एक आक्षेप आमच्या भिशीतही निघाला होता. एकाच घराला सगळं मिळतं, बाजूचे बघत राहतात, गावात तेढ येते. हे खरं आहे, किल्लारीकडेही झालं. ज्याच्या घरी गाडी थांबते त्याच्याच घरी दुसरी गाडी थांबते. त्यासाठीच एका घरावर न थांबता चार-पाच निराळ्या परिस्थितीतली घरं धरावीत असं मी म्हणते. एक जमीनवालं, एक वाटेकऱ्याचं, एक मेंढपाळाचं, एक छोट्या दुकानदाराचं, आणि एखाद्या अंगणवाडी सेविकेचं, कारण तिला साऱ्या वस्तीचं ठाऊक असतं. दर महिन्याला एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पानावर, तीच घरं. पाव पान पुरे. त्यांच्याच बोलीत, आपण शुद्ध न करता. पुढच्या दसऱ्यापर्यंत, म्हणजे एक खरीप तरी डोळ्यांसमोरून जाईल. फोटो असला तर बरा, नसला तरी चालेल. असेल तर काम करतानाचा असावा, हात जोडलेला नसावा.

त्या मजकुराखाली तीन ओळी हव्यात. या महिन्यात काय लागतं. काय लागत नाही. आणि मागच्या महिन्यात जे आलं त्याचं काय झालं. ही तिसरी ओळ सगळे विसरतात, आणि देणारा पुन्हा देतो तो तिच्यामुळेच. आमच्या रिवाइंडिंगवाल्या भावाला जेव्हा ऐकवलं की मोटार चालू झाली आणि पाइपातून पहिलं पाणी तांबडं आलं, तेव्हा त्याने आपणहून विचारलं, तिथं आणखी किती मोटारी आहेत? आता तो दर रविवारी एक भरतो. पैसे वर्तमानपत्राकडे किंवा माझ्यासारखीकडे जमा करू नयेत, ते ज्याचे त्याच्या खात्यात किंवा शाळेला, ग्रामपंचायतीला परस्पर जावेत. म्हणजे कोणाच्या मनात किंतू राहत नाही.

जानेवारीचं मी आजच सांगू शकते, कारण भोगीच्या दिवशी तिचा निरोप आला. ज्वारी उशिरा पेरलेली, पण उगवली आहे. जिथं माती उरली तिथं चांगली आहे, जिथं नुसते दगडगोटे उरले तिथं काही नाही. तलावातला गाळ आणून टाकायचा आहे, ट्रॅक्टरच्या खेपांचा खर्च झेपत नाही. कोणाचा ट्रॅक्टर-ट्रॉली उन्हाळ्यात रिकामी उभी राहत असेल तर डिझेल घालायला वस्तीवरची सहा घरं मिळून तयार आहेत. मुलीचं जर्नल पूर्ण झालं. गाय दोन्ही वेळा दूध देते.

हे सगळे निरोप माझ्या मोबाइलमध्ये आहेत. ज्यांना तिची परवानगी आहे ते मी कागदावर उतरवून ठेवले आहेत, तिच्याच बोलीत, आणि त्यातला पहिला याच पाकिटात घातला आहे. आपल्या कचेरीत कोणत्याही दुपारी यायला मी तयार आहे. आपले वार्ताहर वस्तीवर जाणार असतील तर सोबतही जाईन, म्हणजे तिला दार लावावं लागणार नाही. सदर फेब्रुवारीत सुरू झालं तर दहावीच्या मुलांचंही त्यात येईल. आणि पहिल्याच वेळी त्या पहिल्या दोन ओळींत ठळक अक्षरांत एवढं छापावं: जुने कपडे आता नकोत, ट्रॅक्टर हवा आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
सोलापूर